पाळीच्या कळा, दुर्बिणीचे ऑपरेशन आणि अपत्याची आशा



या पानावर एरवी भाताचा करपा, काजूचा मोहोर, गुरांची लाळ-खुरकत असे विषय येतात. या खेपेचा विषय वेगळा आहे. तो पुष्कळ घरांत आहे, पण त्याविषयी कोणी उघड बोलत नाही. पिकावर रोग पडला तर आपण चारचौघांना विचारतो, घरच्या माणसाच्या दुखण्याविषयी मात्र गप्प राहतो. हे शहाणपण नव्हे.

काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक जोडपे बंगल्यावर आले. लग्नाला सहा वर्षे झाली, मूल नाही. बाईंना पंधराव्या वर्षापासून पाळीच्या दिवसांत असह्य कळा येतात. रोपलावणीच्या चिखलात वाकून काम करताना त्या कितीदा तरी बांधावर येऊन पोट धरून बसल्या आहेत. लग्नाआधी आई म्हणत, "लग्न झाले की थांबेल." लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, "एक मूल झाले की थांबेल." कळा थांबल्या नाहीत आणि मूलही झाले नाही. जुन्या गोव्याला नवस झाला, झाडपाल्याची औषधे झाली, त्यापायी एक दुभती म्हैसही विकून झाली. शेवटी बेळगावात सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या बीजकोशावर गाठ दिसली. डॉक्टरांनी एंडोमेट्रिऑसिस असे रोगाचे नाव सांगितले आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या म्हणून सल्ला दिला.

गावात परत आल्यावर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. जाऊबाई म्हणाल्या, "दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे मूल बंद करायचे ऑपरेशन." शेजारीण म्हणाली, "एकदाची पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल." तिसऱ्याने विचारले, "असले ऑपरेशन आपल्या चर्चला चालते काय?" बिचारी गोंधळून गेली. जाताना ती मला म्हणाली, "फादर, माझे नाव घालू नका, पण हे बुलेटिनमध्ये लिहा. माझ्यासारख्या आणखी असतील."

मी डॉक्टर नव्हे. परंतु जाणत्या डॉक्टरांनी जे अभ्यासून ठरविले आहे ते आणि ख्रिस्तसभा जे शिकविते ते, दोन्ही सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

हा रोग आहे तरी काय?

खाचरात उगवलेले भात हे पीक. पण तेच भात मिरचीच्या वाफ्यात उगवले तर त्याला आपण तण म्हणतो. जात तीच, जागा चुकली. या रोगाचे तसेच आहे.

स्त्रीच्या गर्भाशयाला, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो तिला, आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रक्ताबरोबर बाहेर पडते. काही स्त्रियांमध्ये या अस्तरासारखे पेशीजाल पिशवीच्या बाहेर वाढते: बीजकोशांवर, पिशवीच्या मागच्या बाजूस, आतड्यावर, मूत्राशयावर. महिन्याच्या चक्राप्रमाणे तेही सुजते आणि त्यातूनही रक्त सुटते. पिशवीतल्या रक्ताला बाहेर जायला वाट आहे, या रक्ताला वाट नाही. ते आतच साठते, आजूबाजूला दाह होतो आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात असे जुने रक्त साठून गाठ झाली की ते घट्ट व तपकिरी दिसते. म्हणून डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात.

अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली या गाठींचे सविस्तर वर्णन केले. पाळीचे थोडे रक्त नलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, असा विचार त्यांनी १९२७ साली मांडला. तो आजही मुख्य मानला जातो. परंतु असे रक्त बहुतेक स्त्रियांत थोडेफार उलटे जाते आणि रोग मात्र काहींनाच होतो. तेव्हा आनुवंशिकता आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांचाही त्यात भाग असला पाहिजे. एवढे मात्र नक्की, की हा रोग संसर्गाचा नव्हे, कोणाच्या नजरेने वा करणीने झालेला नव्हे आणि कोणत्याही पापाची शिक्षा तर मुळीच नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातील शंभर स्त्रियांत सुमारे दहाजणींना हा रोग असतो. तरी तो ओळखला जायला चार ते बारा वर्षे लागतात, कारण "पाळीत दुखायचेच" असे आपण धरून चालतो. मार्कच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री आठवा. पुष्कळ वैद्य झाले, जवळचे सगळे खर्च झाले, तरी गुण नाही. आपल्या गावांतही अशा बारा-बारा वर्षांच्या कहाण्या आहेत. तेव्हा खालील खुणा ध्यानात ठेवाव्यात. पाळीच्या कळा इतक्या की मुलगी शाळेत जाऊ शकत नाही, बाई शेतात उभी राहू शकत नाही. पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना दुखते. पतिपत्नींच्या संबंधात खोलवर दुखते. एरवीही ओटीपोट व कंबर दुखत राहते. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहत नाहीत. यांपैकी काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. काही स्त्रियांना मात्र काहीच दुखत नाही आणि मूल होत नाही म्हणून तपासणी केली तेव्हाच रोग सापडतो. दुखणे थोडे म्हणून रोग थोडा, असा हिशेब येथे चालत नाही.

मूल का राहत नाही?

बीजकोशातून दर महिन्याला एक बीज सुटते. नलिकेचे झालरीसारखे टोक ते उचलून घेते आणि नलिकेत पतीच्या बीजाशी त्याची गाठ पडते. अवयव एकमेकांना चिकटले असतील तर नलिका वाकते, झालर मोकळी राहत नाही आणि बीज उचलले जात नाही. गाठीमुळे बीजकोशाची हानी होते. चिकटलेले काही नसले तरी आतल्या दाहाने बीजाला प्रतिकूल वातावरण तयार होते.

निरोगी तरुण जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात १५ ते २० असते. हा रोग असून मूल न होणाऱ्या जोडप्यांत ती शंभरात २ ते १० इतकी खाली येते. म्हणजे वाट अरुंद होते, पण बंद होत नाही. या रोगाच्या पुष्कळ स्त्रियांना कोणत्याही ऑपरेशनाशिवाय मुले झालेली आहेत. म्हणून नुसते रोगाचे नाव ऐकून "आता हिला मूल होणार नाही" असे कोणी म्हणू नये.

दुसरे असे की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पतीकडचेही कारण एकटे किंवा जोडीने असते. त्याची तपासणी सोपी, स्वस्त आणि बिनदुखीची असते. बाईला भूल देऊन टेबलावर घेण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालीच पाहिजे. त्यात पुरुषाचा कमीपणा नाही. बियाणे पेरण्याआधी त्याची उगवण आपण पाहतो आणि मगच जमिनीला नावे ठेवतो. तोच न्याय येथेही लावावा.

दुर्बिणीचे ऑपरेशन मूल बंद करते काय?

जाऊबाईंची समजूत कशी झाली हे कळण्यासारखे आहे. १९८० च्या दशकात कुटुंबनियोजनाच्या सरकारी शिबिरांत दुर्बिणीतून नलिका बंद करण्याची ऑपरेशने गावोगाव झाली. तेव्हापासून "दुर्बीण" म्हटले की लोकांना तेच आठवते. पण दुर्बीण हे केवळ हत्यार आहे. ज्या विळ्याने गवत कापतो त्याच विळ्याने झाडाला आवळलेली वेलही कापून झाड मोकळे करतो. पॅरिसचे डॉ. राउल पामर यांनी १९४० च्या दशकात स्त्रियांच्या पोटात दुर्बीण घालून पाहण्याची पद्धत वाढविली, तीच मुळी मूल का होत नाही याचे कारण शोधण्यासाठी. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ साली पोटाच्या रोगांसाठी दुर्बीण वापरण्यास आरंभ केला आणि १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले. आज अशी ऑपरेशने जिल्ह्याच्या गावीही होतात.

हे ऑपरेशन असे करतात. पूर्ण भूल देतात. बेंबीपाशी सुमारे एक सेंटिमीटर छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे अवयव सुटे दिसतात. त्या छेदातून दुर्बीण आत जाते आणि आतले चित्र पडद्यावर दिसते. आणखी दोन-तीन बारीक छेदांतून हत्यारे घालतात. चिकटलेले भाग सोडवितात, रोगाचे ठिपके जाळतात किंवा कापून काढतात, चॉकलेट गाठीतील रक्त काढून तिची सालही सोलून घेतात. मग पिशवीच्या तोंडाकडून निळे औषध सोडून ते नलिकांच्या टोकाशी येते की नाही ते पाहतात. आले तर नलिका उघडी आहे. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवितात. आपल्या देशात क्षयरोगही पिशवीला व नलिकांना धरतो आणि मूल होऊ देत नाही, तेव्हा ही तपासणी चुकवू नये.

बहुधा एक ते तीन दिवसांत घरी सोडतात. पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो; त्याला घाबरू नये. धोके थोडे पण खरे आहेत. रोग खोल असेल तर आतडे, मूत्राशय किंवा मूत्रनलिका यांना इजा होऊ शकते. म्हणून हात सरावाचा हवा.

मग मूल होते काय?

हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

रोग सौम्य असेल तर काय होते, हे कॅनडातील २५ रुग्णालयांनी मिळून तपासले. १९९७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मूल न होणाऱ्या ३४१ स्त्रियांची दुर्बिणीने पाहणी झाली. निम्म्यांचा रोग त्याच वेळी काढला, निम्म्यांचे नुसते पाहून ठेवले. पुढच्या ३६ आठवड्यांत, रोग काढलेल्या शंभर स्त्रियांमागे सुमारे ३१ जणींना दिवस राहून गर्भ टिकला. नुसते पाहिलेल्यांत सुमारे १८ जणींना. म्हणजे आठ स्त्रियांचा रोग काढला तर त्यांपैकी साधारण एकीला, जिला एरवी त्या काळात दिवस राहिले नसते, तिला ते राहिले. इटलीत १९९९ साली झालेल्या लहान अभ्यासात असा फायदा दिसला नाही. सगळे एकत्र धरून तज्ज्ञ असे मानतात की सौम्य रोगात ऑपरेशनचा फायदा आहे, पण तो माफक आहे.

चॉकलेट गाठ असेल तर तिच्यातले रक्त नुसते ओढून घेतल्याने काम होत नाही, गाठ पुन्हा भरते. साल सोलून काढली तर दुखणे जास्त काळ थांबते आणि आपोआप दिवस राहण्याची शक्यताही जास्त असते. रोग फार वाढलेला असेल, अवयव घट्ट चिकटलेले असतील, तर यश हे बाईचे वय, किती वर्षे मूल नाही, पूर्वी कधी दिवस राहिले होते काय आणि ऑपरेशननंतर नलिका, झालर व बीजकोश कितपत चांगले उरले यांवर अवलंबून असते. या सगळ्यांवरून शून्य ते दहा गुण देण्याची एक पद्धत २०१० सालापासून आहे; तिला एंडोमेट्रिऑसिस फर्टिलिटी इंडेक्स म्हणतात. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना हे गुण अवश्य विचारावेत. गुण चांगले असतील तर धीराने प्रयत्न करता येतो, फार कमी असतील तर खोटी आशा तरी राहत नाही.

ऑपरेशननंतरचे पहिले सहा महिने ते एक वर्ष हा खरा हंगाम आहे. वापसा आला की पेरणी लांबवीत नाहीत. नवरा गोव्याला किंवा पुण्याला कामाला आणि बायको गावी, असे असेल तर निदान हे वर्ष एकत्र राहण्याची सोय करावी. स्त्रीच्या अंगावरील ओलाव्याच्या खुणांवरून फलदायी दिवस ओळखण्याची बिलिंग्ज पद्धत विवाहपूर्व शिबिरात शिकविली जाते. मूल पुढे ढकलण्यासाठी जशी ती वापरतात, तशीच मूल हवे असतानाही ती उपयोगी पडते.

तण काढताना पीक जाऊ नये

भांगलण करणाऱ्या बाईला हे सांगायला नको. हरळी वरवर खुडली तर महिन्यात पुन्हा येते. फार खोल खणली तर पिकाची मुळे तुटतात. या ऑपरेशनचे तसेच आहे.

गाठ काढल्यानंतर दोन वर्षांत शंभरातील सुमारे वीसजणींना आणि पाच वर्षांत चाळीस ते पन्नासजणींना ती पुन्हा होते. आणि दर वेळी साल सोलताना बीजकोशाचा थोडा चांगला भागही जातो, बीजांचा साठा घटतो. दोन्ही बाजूंच्या गाठी एकाच वेळी काढल्यावर काही थोड्या स्त्रियांची पाळी अकाली बंद झाल्याचीही नोंद आहे. म्हणून मूल हवे असेल तर एकच ऑपरेशन, पण ते नीट आणि सरावाच्या हाताने झालेले, हे धोरण ठेवावे. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा पोट उघडणे हिताचे नाही. गाठ लहान असेल, दुखत नसेल, तर तिला हात न लावणेही कित्येकदा शहाणपणाचे ठरते. ऑपरेशनआधी ए.एम.एच. नावाची रक्ततपासणी केली तर साठा किती आहे याचा अंदाज येतो.

आता शेजारणीच्या सल्ल्याविषयी. पिशवी काढली की मूल होण्याचा प्रश्नच संपला, हे उघड आहे. पण दुखणेही संपेल याची खात्री नाही. कारण हा रोग पिशवीच्या बाहेर असतो आणि तो मागे राहिला तर कळाही मागे राहू शकतात. बीजकोशही काढले तर तरुणपणीच हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. रोग काढणे हे एक ऑपरेशन, पिशवी काढणे हे दुसरे. या दोहोंची गल्लत करू नये. "पिशवी काढून टाका" हे किती सहज सांगितले जाते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. महाराष्ट्र सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीने तेथील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत पुष्कळजणी ऐन तरुण वयाच्या होत्या. कामाचा खाडा नको, मुकादमाचा दंड नको, म्हणून पोटदुखीवर हा उपाय. बीडकडच्या टोळ्या आपल्या बेळगाव भागातील उसाच्या फडातही येतात. त्या बहिणींना आपण पाहतो. मोठ्या वयात, मुले झाल्यावर, दुसरे सारे उपाय थकल्यावर पिशवी काढणे योग्य असू शकते. परंतु मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीला कोणी पहिल्याच भेटीत तो सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कागदावर सही करू नये.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: होय, चालते. विश्वासविषयक सिद्धान्त मंडळाने २००८ साली 'दिग्नितास पेर्सोने' नावाचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात मूल होण्याच्या वाटेतील अडथळे दूर करणारे उपचार योग्य आहेत असे सांगताना, एंडोमेट्रिऑसिसच्या शस्त्रक्रियेचा आणि बंद नलिका उघडण्याचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. कारण अशी शस्त्रक्रिया पतिपत्नींच्या मीलनाची जागा घेत नाही; ते फलद्रूप होण्याची वाट मोकळी करते.

आणखी एक शंका पुष्कळजणी दबक्या आवाजात विचारतात. दुखणे थांबावे म्हणून डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. कधी त्या गर्भनिरोधक गोळ्याच असतात. त्या घेणे पाप आहे काय? संत पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली 'हुमाने विते' या परिपत्रकात सांगून ठेवले आहे, की रोग बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे काही काळ गर्भ राहत नसला तरी, निषिद्ध नाही. मात्र हेतू उपचाराचाच हवा. तेव्हा अविवाहित मुलीला कळांसाठी अशा गोळ्या दिल्या तर आईने भिऊन त्या चुलीत टाकू नयेत. परंतु ध्यानात ठेवावे, या गोळ्यांनी दुखणे थांबते, मूल होण्याची शक्ती वाढत नाही. मूल हवे असेल त्या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या थांबवाव्या लागतात.

दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचा मार्गही सुचविला जाईल. १९८७ सालचे 'दोनुम विते' आणि वर सांगितलेले २००८ सालचे मार्गदर्शन यांनुसार ख्रिस्तसभा तो मार्ग स्वीकारीत नाही. कारण त्यात गर्भ पतिपत्नींच्या मीलनातून न होता प्रयोगशाळेत घडतो आणि पुष्कळदा उरलेले गर्भ टाकले किंवा गोठवून ठेवले जातात. परंतु त्या मार्गाने जन्मलेले मूल हे इतर कोणत्याही मुलाइतकेच देवाचे लेकरू आहे. अशा घराकडे कोणी बोट दाखवू नये. आपल्याला तो मार्ग घ्यायचा नसेल तर वेळेवर तपासणी आणि एक चांगली शस्त्रक्रिया यांचे मोल अधिकच वाढते. तिशीच्या आत आलेल्या जोडप्याला डॉक्टर जेवढी मदत करू शकतात, तेवढी चाळिशीला टेकल्यावर करू शकत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना

१. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने वाट पाहून दोघांनीही तपासून घ्यावे. कळा फार असतील तर वाट पाहूच नये.

२. पाळी केव्हा आली, किती दिवस, कळा केव्हा व कोठे, हे तीन महिने वहीत लिहून न्यावे. डॉक्टरांना त्याची फार मदत होते.

३. सोनोग्राफी, वीर्यतपासणी आणि रक्ततपासणीचे सारे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत.

४. चार प्रश्न विचारावेत: ऑपरेशन खरेच लागेल काय? रोगच काढणार की बीजकोश, पिशवीही काढणार? अशी ऑपरेशने आपण किती करता? ऑपरेशननंतर किती महिने प्रयत्न करावा?

५. सहीचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर तो वाचून, समजून घ्यावा. लागल्यास शिकलेल्या मुलाला किंवा सिस्टरांना बरोबर न्यावे.

६. आपल्या लोंढ्याहून बेळगाव, हुबळी आणि गोवा या तिन्ही दिशांना रेल्वे जाते. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय व के.एल.ई.चे रुग्णालय, हुबळीत सरकारी मेडिकल कॉलेज, गोव्यात बांबोळीचे मेडिकल कॉलेज, या ठिकाणी स्त्रीरोग विभाग आहेत. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत आपले ऑपरेशन बसते काय, हे आधी विचारावे. आशा ताई याची माहिती देतील. म्हैस विकण्याआधी ही चौकशी करावी.

७. घरी आल्यावर थोडे थोडे चालावे, पण गवताचा भारा, पाण्याची घागर, शेणाची पाटी डॉक्टर सांगतील तोवर, साधारण दोन ते चार आठवडे, उचलू नये. ताप, वाढते पोटदुखणे, पोट फुगणे, टाक्यांतून पू किंवा जास्त रक्तस्राव झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि मूल झालेच नाही तर?

सर्व उपाय नीट करूनही काही घरांत पाळणा हलणार नाही. ते अपयश कोणाचेही नव्हे. हन्नाचे दुःख बायबलमध्ये आहे. तिला टोचून बोलणारी पनिन्नाही आहे आणि ती दारू प्याली आहे असे समजणारा एली याजकही आहे. आपण त्या गोष्टीतील कोण आहोत, हे ज्याने त्याने पाहावे. 'वांझ' हा शब्द आपल्या पॅरिशमधून हद्दपार झाला पाहिजे. बारशाला, डोहाळजेवणाला, लग्नाच्या रोसला अशा बहिणींना मुद्दाम बोलवावे, पुढे बसवावे. सासूबाईंनी सुनेसाठी दवाखान्याच्या बाकावर बसावे. नवसाइतकेच तेही पुण्याचे आहे.

दत्तकाचा मार्ग खुला आहे आणि ख्रिस्तसभा त्याला आपुलकीने उत्तेजन देते. बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे ख्रिस्ती जोडप्यालाही मुलाचे पूर्ण कायदेशीर आईबाप होता येते. त्यासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. कोणा मध्यस्थाकडून परस्पर मूल घेऊ नये. तो गुन्हा आहे.

आरंभी सांगितलेल्या त्या जोडप्याने बेळगावला जाऊन वरचे चारही प्रश्न विचारले. नवऱ्याने आपली तपासणी करून घेतली. सुगी आटोपताच ऑपरेशनची तारीख ठरली आहे आणि त्या दिवशी बरोबर जायला जाऊबाईच तयार झाल्या आहेत. पुढे काय होईल ते परमेश्वराच्या हाती. त्या दिवसाच्या मिस्सात आपण सर्वांनी, नाव न घेता, त्या घराची आठवण ठेवावी. आणि आपल्या घरी कोणी लेक-सून दर महिन्याला पोट धरून कोपऱ्यात पडत असेल, तर या आठवड्यातच तिला नीट विचारावे.

आपला प्रभूमध्ये,
धर्मग्रामाचे फादर